शाळेत गोचीड सापडली, तर घरी चिठ्ठी का यायलाच हवी

मंगळवार, सकाळचे अकरा. दुसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात येते आणि सारखी मान खाजवते. बाई जवळ जाऊन बघतात तर केसांच्या कडेला एक काळा ठिपका. तीळच वाटावा असा. पण तिळाला पाय नसतात.

पुढच्या पाच मिनिटांत शाळेनं काय करायचं? गोचीड काढायची, की आईवडिलांना बोलावून त्यांनाच काढू द्यायची? काढायची तर कुणी? काढलेली गोचीड कचऱ्यात टाकायची की ठेवायची? आणि घरी कळवायचं ते कधी, कसं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यानं नेमक्या याच प्रसंगासाठी आपल्या शालेय कायद्यात एक तरतूद घातली आहे. गोचिडीसाठी कायदा म्हटल्यावर हसू येतं. आपल्या डोळ्यांपुढे गोचीड येते ती गाईच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेवर, आणि ती उपटायला आजवर कुणी विधिमंडळाची परवानगी मागितलेली नाही. पण ती तरतूद नीट वाचली की लक्षात येतं, तिचा रोख गोचिडीवर नाहीच. तिचा रोख वेळेवर आहे.

तरतूद लहानशी आहे. शाळेच्या कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्याच्या अंगावरून गोचीड काढली, तर पालकांना लेखी कळवायचं. गोचीड फेकून न देता जपून ठेवायची, म्हणजे पालकांना हवं तर ती तपासणीला पाठवता येईल. आणि पुढे कोणती लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जायचं, याची माहिती त्या चिठ्ठीबरोबर द्यायची. बस, एवढंच.

कायदे वाचायची सवय नसेल तर यातल्या दोन शब्दांकडे दुर्लक्ष होतं. पहिला शब्द क्रियापदाचा. कायद्याच्या भाषेत ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘करू शकेल’ म्हणजे मुभा, ‘करील’ म्हणजे बंधन. इथं बंधन आहे. कामाच्या गडबडीत राहून गेलं, ही सबब चालत नाही. दुसरा शब्द ‘तर’. गोचीड काढली, तर. शाळेनं प्रत्येक मुलाचं अंग रोज तपासावं, असं कायदा म्हणत नाही. कर्तव्य सुरू होतं ते गोचीड निघाल्यानंतर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तरतुदीत जे नाही ते. गोचीड कुठे चावली, असं ती विचारत नाही. मंगळवारी अकराला मानेवर सापडलेली गोचीड रविवारी घरामागच्या गवतातून आलेली असू शकते. शाळेच्या मैदानावरूनही आलेली असू शकते. ते ठरवायचा मार्ग नाही, आणि ठरवायला बसलं तर शाळा आणि पालक यांच्यात वादाशिवाय हाती काही लागायचं नाही. ‘कुठे लागली’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कुणी काढली’ एवढंच पाहिल्यामुळे शाळेला दोषाची भीती उरत नाही, आणि भीती नसली की माणूस लपवत नाही. माझ्या मते या तरतुदीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच.

हा आजार आईंनी शोधला

पेनसिल्व्हेनियाला याची गरज का वाटली? तिथे गोचिडीतून पसरणारा लाइम नावाचा आजार आहे. कनेटिकट राज्यात ओल्ड लाइम नावाचं एक गाव आहे. 1975 च्या सुमारास तिथल्या काही आयांच्या लक्षात आलं की आपल्या आणि शेजारच्या मुलांचे गुडघे सुजताहेत. डॉक्टर म्हणत होते, लहान मुलांचा संधिवात. पण तो दुर्मीळ. एकाच रस्त्यावरच्या इतक्या घरांत तो एकदम कसा येईल? पॉली मरे या आईनं नोंदी ठेवल्या, आजारी माणसांची यादी केली आणि राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. त्यातून येल विद्यापीठातले डॉ. ॲलन स्टीअर कामाला लागले. 1977 मध्ये त्यांनी परिसरातल्या 51 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतली 39 मुलं होती. पुढे 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा पीळ असलेले जिवाणू दिसले. त्यांच्याच नावावरून त्या जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणतात.

हरणाच्या अंगावर वाढणारी, म्हणून ‘हरणगोचीड’ म्हणता येईल अशी एक जात हा जिवाणू माणसात आणते. पेनसिल्व्हेनियाच्या सगळ्या 67 काउंटींत, म्हणजे राज्याच्या स्थानिक विभागांत, ती सापडते, आणि लाइमच्या रुग्णसंख्येत हे राज्य देशात अनेकदा पहिलं असतं. 2023 मध्ये देशभरात 89,000 हून अधिक रुग्णांची अधिकृत नोंद झाली. सरकारी आरोग्य संस्थेचा म्हणजे सीडीसीचा अंदाज मात्र असा, की दरवर्षी सुमारे 4,76,000 लोकांवर लाइमचे उपचार होतात. यात शाळकरी वयाच्या मुलांचं प्रमाण ठळकपणे जास्त असतं. कारण उघड आहे. मुलं गवतात लोळतात, झुडपात चेंडू शोधतात, पाचोळ्यात बसतात.

2014 मध्ये राज्यानं लाइमवर एक स्वतंत्र कायदा केला, त्यात कार्यगट नेमला, जनजागृती आणि पाहणी यांवर भर दिला. शाळेची तरतूद त्यानंतरची. मोठ्या धोरणातून निघालेली छोटी फांदी म्हणा.

72 तास

आता मूळ मुद्दा. गोचीड चिकटल्या चिकटल्या लाइमचा जिवाणू अंगात शिरत नाही. तो तिच्या आतड्यात असतो. ती रक्त प्यायला लागली की तो हळूहळू तिच्या लाळेपर्यंत पोचतो आणि मग माणसात उतरतो. याला साधारण 24 तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणून गोचीड जितकी लवकर निघेल तितकं बरं. पण हे गणित फक्त लाइमचं. पोवासन नावाचा एक दुर्मीळ विषाणूही हीच गोचीड वाहून आणते, आणि तो अवघ्या 15 मिनिटांत शिरू शकतो. तेव्हा ‘आईला फोन केलाय, ती तीनला येईल, तोवर राहू दे’ हे धोरण दिसायला सावध असलं तरी ते मुलाच्या बाजूचं नाही.

दुसरं घड्याळ गोचीड निघाल्यावर सुरू होतं. लाइम होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिन या औषधाचा फक्त एक डोस देऊ शकतात. त्याला अटी आहेत. गोचीड हरणगोचीडच असायला हवी, प्रदेश लाइमचा हवा, ती 36 तास किंवा जास्त चिकटलेली असण्याची शक्यता हवी, आणि डोस गोचीड काढल्यापासून 72 तासांच्या आत द्यायला हवा. पूर्वी आठ वर्षांखालच्या मुलांना हे औषध दातांवर डाग पडतील म्हणून टाळत. आता थोड्या दिवसांच्या वापरात तो धोका दिसत नाही म्हणून लहानांनाही ते देता येतं. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण ठरवण्यासाठी त्यांच्यापर्यंत कुणी जायला तर हवं. शाळेनं मंगळवारी गोचीड काढली आणि घरी कळलं शुक्रवारी दुपारी, तर हा दरवाजा बंद झालेला असतो. चिठ्ठीचं खरं मोल या 72 तासांत आहे.

दरवाजा बंद झाला तरी सगळं संपत नाही. चावल्यापासून 3 ते 30 दिवसांत बहुतेकांना, साधारण 70 ते 80 टक्के रुग्णांना, चावल्याच्या जागेभोवती लाल चट्टा येतो आणि तो दिवसागणिक पसरत जातो. प्रत्येक वेळी तो चित्रातल्यासारखा गोल कड्यांचा नसतो. सोबत ताप, थकवा, अंगदुखी, कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी. वेळेत ओळखलं तर अँटिबायोटिकनं लाइम बरा होतो. रक्ततपासणी मात्र पहिल्या काही आठवड्यांत फसवी असते, कारण ती जिवाणूला नव्हे तर शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांना शोधते, आणि ती बनायला वेळ लागतो. अशा वेळी डॉक्टरांच्या हाताशी एकच भक्कम धागा असतो: अमुक तारखेला, अमुक जागी गोचीड होती. तीन आठवड्यांनी ताप आला की ती चिठ्ठीच साक्ष देते.

काढायची कुणी आणि कशी

‘नर्सनं काढावी’ हे उत्तर कागदावर सोपं आहे. पण पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात एका शालेय नर्सकडे जास्तीत जास्त 1,500 विद्यार्थी असू शकतात. म्हणजे एकच नर्स दोन-तीन इमारती सांभाळते, आणि मंगळवारी अकराला ती दुसऱ्या इमारतीत असणार, हे गृहीतच धरायचं. मग काम येतं ऑफिसातल्या बाईंवर किंवा वर्गशिक्षकांवर. राज्यात 500 शालेय जिल्हे, म्हणजे सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग आहेत, जवळजवळ प्रत्येकाचं निवडून आलेलं मंडळ आणि प्रत्येकाचं आपलं धोरण. कायदा चौकट देतो, आतलं चित्र जिल्हा भरतो. म्हणून पालकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारावं: आमच्या शाळेत गोचीड कोण काढतं, आणि आमची संमती आधी घेऊन ठेवता का?

काढायला कौशल्य लागत नाही, संयम लागतो. टोकदार चिमट्यानं गोचीड कातडीला लागून, तिच्या तोंडाजवळ धरायची आणि झटका न देता, पीळ न देता सरळ वर ओढायची. मग ती जागा आणि आपले हात साबणानं किंवा स्पिरिटनं धुवायचे. तोंडाचा एखादा बारीक तुकडा कातडीत राहिला आणि सहज निघत नसेल तर टोकरत बसायचं नाही, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. व्हॅसलिन फासणं, नेलपॉलिश लावणं, काडीपेटीची पेटती काडी टेकवणं, हे सगळे जुने उपाय घातक आहेत. त्यांनी गोचीड गुदमरायची वाट बघत वेळ जातो, आणि चिडून ती आपल्या पोटातलं आत ओकू शकते.

पिशवीतली गोचीड

गोचीड जपून ठेवायची ही अट पालकांना सगळ्यात आवडते. हाती काहीतरी पुरावा आला असं वाटतं. पेनसिल्व्हेनियात ईस्ट स्ट्राउड्सबर्ग विद्यापीठाची प्रयोगशाळा राज्यातल्या रहिवाशांना गोचिडीची मूलभूत तपासणी मोफत करून देत आली आहे, तेव्हा अनेकजण ती पाठवतातही.

इथं मात्र कायदा आणि वैद्यक यांची तोंडं थोडी वेगळ्या दिशांना आहेत. गोचिडीच्या तपासणीवरून उपचार ठरवू नका, असं सीडीसी स्पष्ट सांगते. गोचिडीत जिवाणू सापडला म्हणजे तो मुलात उतरला असं नाही, ती वेळेत निघाली असेल. नाही सापडला तर आईवडील निर्धास्त होतात, आणि दिसलीच नाही अशी दुसरी एखादी गोचीड आपलं काम करून गेलेली असू शकते. शिवाय अशा प्रयोगशाळांना माणसांच्या तपासण्यांचे कडक निकष लागू असतातच असं नाही. आणि पाकीट पोस्टात टाकून निकाल येईपर्यंत ते 72 तास हातचे जातात. सगळ्यात मोठा धोका हाच: निकालाची वाट बघत डॉक्टरांकडे न जाणं.

मग ठेवूच नये का? ठेवावी. पण बघण्यासाठी. गोचीड कोणत्या जातीची, आणि तिचं पोट चपटं आहे की रक्तानं टम्म फुगलंय, या दोन गोष्टी डॉक्टरांना तेवढ्या एका नजरेत कळतात, आणि डोस द्यायचा की नाही हे त्यावर बरंचसं ठरतं. झिपच्या छोट्या पिशवीत घालून वर मुलाचं नाव, तारीख, वेळ आणि अंगावरची जागा लिहिली की झालं. हातात पिशवी नसेल तर मोबाइलवर जवळून काढलेला फोटोही उपयोगी पडतो.

इतरांना सांगायचं का, हाही प्रश्न येतो. एका मुलावर गोचीड सापडली तर वर्गातल्या बाकी घरांना ‘मुलांना तपासून बघा’ असं कळवायला हरकत नाही, चांगलंच आहे. पण ते मूल कोणतं हे सांगता येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गुप्तता सांभाळणारा 1974 चा केंद्रीय कायदा शाळेच्या नर्सकडच्या नोंदींनाही लागू असतो. गोचीड उवांसारखी एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही, हे त्याच चिठ्ठीत लिहिलं तर त्या मुलाशेजारी बसायला कुणी कचरणार नाही.

जर्मनीची नोंदवही, कनेटिकटचा खटला

हाच प्रश्न जर्मनीनं वेगळ्या अंगानं सोडवला आहे. तिथे 1971 पासून विद्यार्थ्यांना सरकारी अपघात विम्याचं संरक्षण आहे. शाळेत किंवा सहलीत गोचीड चावली तर तो शाळेतला अपघात, आणि ती काढणं हा प्रथमोपचार. प्रथमोपचाराची नोंद पाच वर्षं जपावी लागते. तिथे ‘कुठे चावली’ हा प्रश्न महत्त्वाचा, कारण मूल काही महिन्यांनी आजारी पडलं तर विम्याचा दावा त्या नोंदीवर उभा राहतो. शिक्षकांना मात्र धास्ती वाटते की चिमटा लावला आणि कुणी इजा केल्याची तक्रार केली तर? म्हणून बऱ्याच शाळा वर्षारंभी पालकांची लेखी संमती घेऊन ठेवतात. म्हणजे जर्मन नोंद विम्यासाठी, पेनसिल्व्हेनियाची चिठ्ठी आईवडिलांसाठी. कागद सारखाच, वाचणारा वेगळा.

शाळेची जबाबदारी किती ताणता येते, याचं टोकाचं उदाहरण कनेटिकटमधल्या हॉचकिस या खासगी शाळेचं. 2007 च्या उन्हाळ्यात तिथली पंधरा वर्षांची एक विद्यार्थिनी शाळेच्या सहलीत चीनला गेली. एका डोंगरावरून ती झाडीतल्या वाटेनं उतरली आणि तिला गोचिडीमुळे होणारा मेंदूज्वर झाला. हा लाइम नव्हे, विषाणूचा आजार. तिची वाचा गेली. झाडीतल्या धोक्याबद्दल शाळेनं सावध केलं नाही, असा दावा होता. 2013 मध्ये ज्यूरीनं 4 कोटी 10 लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. 2017 मध्ये कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहलीवर नेताना कीटकजन्य गंभीर आजारांबद्दल सावध करणं आणि काळजी घेणं हे शाळेचं कर्तव्य असू शकतं, आणि 2018 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं निकाल कायम ठेवला.

ही कथा ऐकून पालक म्हणतात, आता शाळा घाबरून नीट वागतील. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारी शाळांबाबत तसं समजू नये. कनेटिकटचा निकाल दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसतो, आणि पेनसिल्व्हेनियात सरकारी शाळांना निष्काळजीपणाच्या बहुतेक दाव्यांपासून कायद्यानंच कवच दिलेलं आहे, मोजके अपवाद सोडून. खटल्याची भीती तिथे फारशी चालत नाही. म्हणूनच साधं, रोजचं कर्तव्य कायद्यात लिहून ठेवायला लागतं.

शेजारच्या न्यू जर्सीनं आणखी पुढचा टप्पा पाहिला आहे. लाइम झालेलं मूल शाळेत परतलं की ते थकतं, विसरतं, गैरहजर राहतं, आणि शिक्षकांना तो आळस वाटतो. ज्यांच्या वर्गात अशी मुलं आहेत त्या शिक्षकांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावं, असं तिथला कायदा सांगतो. शिवाय 1973 च्या केंद्रीय पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 खाली, आजारामुळे मुलाच्या शिकण्यावर मोठा परिणाम होत असेल तर परीक्षेला जादा वेळ, अभ्यासाचा कमी भार अशा सवलती मागता येतात.

हे सगळे कायदे सुरू होतात कुणाला तरी गोचीड दिसल्यापासून. अडचण अशी की लाइम देणारी गोचीड बहुतेक वेळा पिल्लू असते, खसखशीच्या दाण्याएवढं. मे ते जुलैमध्ये ती सगळ्यात जास्त. पोट भरलं की ती आपणहून गळून पडते. अनेक रुग्णांना गोचीड चावल्याचं आठवतही नाही. दुसरीतल्या त्या मुलीच्या बाईंना ती दिसली कारण ती मानेवर होती. काखेत, गुडघ्यामागे, बेंबीत, कमरपट्ट्याखाली असती तर शाळेत कुणालाच दिसली नसती. तिथे बघायचं काम घरच्यांचं. बाहेर खेळून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ, अंघोळीत कानांमागून पायाच्या बोटांपर्यंत बोटं फिरवून बघणं. कपडे थंड किंवा कोमट पाण्यात धुऊन गोचीड मरत नाही. ते कोरडे असतानाच वाळवायच्या यंत्रात जास्तीत जास्त गरमीवर दहा मिनिटं फिरवावे लागतात, आणि दप्तराचे पट्टेही एकदा बघून घ्यावे लागतात.